गोलाई आधी, गाडी नंतर

रेल्वे मॉडेलचा पहिला ट्रॅक मी खोक्यावरचं चित्र बघून घेतला. ही चूक सांगायलाच लिहायला बसलोय, बाकीचं त्या ओघात येईल.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला पोरं शिकवून निवृत्त झालो तेव्हा गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी होती. दहा बाय बारा. एका भिंतीला जुनी पुस्तकं, दुसरीला सौभाग्यवतींचे पापड-कुरडयांचे डबे, आणि मधे आठ बाय चारचं एक प्लायवूड मावेल एवढी जागा. रेल्वेचं मॉडेल करायची हौस शाळेपासूनची. पैसा आणि वेळ एकाच वर्षी हाताशी आला तो असा उतारवयात. घरून एवढंच ऐकायला मिळालं, "अहो, एवढ्यात पत्रे काढून स्लॅब पडला असता." ते खरंही होतं.

तर सेट-ट्रॅक आणला. सेट-ट्रॅक म्हणजे ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या वाकाचे कडक तुकडे. खेळण्यातल्यासारखे एकमेकांत अडकवायचे. माझ्या सेटमधला तुकडा साडेबावीस अंशांचा, सोळा जोडले की पूर्ण वर्तुळ. त्रिज्या ४३८ मिलिमीटर. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे एचओ स्केलचं, एकास सत्त्याऐंशी: खऱ्या मापाचा सत्त्याऐंशीवा भाग. त्यावर चालवायला निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचे जुन्या धर्तीचे) डबे तीन मागवले. लहानपणापासून डोळ्यांत बसलेले तेच.

सरळ रुळावर डबे राजासारखे चालले. पहिल्या गोलाईला पहिला डबा गेला, दुसऱ्याचं कपलिंग (डबे जोडणारी कडी) ताणलं आणि तिसरा रूळ सोडून प्लायवूडवर आडवा. पुन्हा लावला, पुन्हा आडवा. आठवडाभर मी चाकं घासली, कपलिंगची उंची बदलली, डब्यात नट ठेवून वजन वाढवलं. फिटर माणूस, आधी मशीनवरच संशय घेणार. हिशेब मात्र केला नाही. तीस वर्षं पोरांना "आधी माप, मग करवत" सांगणाऱ्यानं.

हिशेब असा आहे. आयसीएफ डबा खराखुरा २१.३ मीटर लांब. सत्त्याऐंशीनं भागलं की २४५ मिलिमीटर. दोन बोगींच्या (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) मध्यांमधलं अंतर १४.७८ मीटर, मॉडेलमध्ये १७० मिलिमीटर. डबा सरळ, रूळ वाकडा. त्यामुळे गोलाईत डब्याचं पोट आतल्या बाजूला निघतं आणि दोन्ही टोकं बाहेर. पोट किती निघतं ते शाळेतल्या भूमितीनं सांगता येतं: बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ४३८ च्या गोलाईत ते आठ मिलिमीटर येतं, आणि टोकं जवळपास नऊ मिलिमीटर बाहेर. कपलिंग टोकाला असतं, म्हणजे तेही नऊ मिलिमीटर बाहेर. सरळ रुळावरून एक डबा गोलाईत शिरतो तेव्हा त्याचं कपलिंग बाहेर गेलेलं आणि मागच्याचं अजून मधोमध. मागच्या डब्याला ओढ लागते ती आडवी. तो बिचारा दुसरं काय करणार?

मॉडेलवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे. सगळ्यांत लांब डब्याच्या दुप्पट त्रिज्या असेल तर काही गाड्या कशाबशा चालतील, तिप्पट असेल तर भरवशानं चालतील, त्याच्यावर गेलात तर बघायलाही बऱ्या दिसतील. माझी ४३८ म्हणजे पावणेदोनपटच. तिप्पट करायची तर ७३५ हवी. वर्तुळ झालं १४७० मिलिमीटरचं आणि प्लायवूड १२२० रुंद. एलएचबी म्हणजे नव्या धर्तीचे लांब डबे घेतले असते तर आणखी पंचाईत, ते २७० मिलिमीटर भरतात.

आता खोली मोठी करायची, गाडी छोटी करायची, की नाद सोडायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात आण्णा वर आले.

आमचे आण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. बार्शी लाईट या नॅरोगेज रेल्वेवर गँगमन (रुळांची देखभाल करणारा कामगार) म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागतात आणि मदत केलेली चालत नाही. आले, खुर्चीत बसले, दम खाल्ला. मग टेबलाकडं बघून एकच प्रश्न.

"किती डिग्रीची गोलाई हाय ही?"

मी म्हटलं, "आण्णा, हे खेळण्यातलं आहे. त्रिज्या चारशे अडतीस मिलिमीटर."

"ते राहू दे. डिग्री सांग."

आपल्याकडं रेल्वेत गोलाई डिग्रीत मोजतात. १७५० ला त्रिज्येच्या मीटरनं भागायचं, येईल ती डिग्री. मी कागद घेतला. ४३८ मिलिमीटर गुणिले ८७ म्हणजे खऱ्या मापात ३८ मीटर. १७५० भागिले ३८. छेचाळीस.

"छेचाळीस डिग्री," मी म्हटलं.

आण्णा हसले. दात नाहीत, त्यामुळे ते हसले की आवाजच मोठा येतो. "ब्रॉडगेजला छेचाळीस? लेका, धा डिग्रीच्या वर ब्रॉडगेज जात नसती. सोळा डिग्री मीटरगेजला. आन् आमची छोटी लाईन चाळीसपतुर. तू काय करायलास हे?"

त्या रात्री मी आकडे पडताळून पाहिले. म्हातारा तंतोतंत बरोबर. ब्रॉडगेजची सगळ्यांत तीव्र गोलाई १० डिग्री, १७५ मीटर. मीटरगेजची १६, म्हणजे १०९ मीटर. आणि अडीच फुटी नॅरोगेजची ४० डिग्री, ४४ मीटर.

मग हे आकडे मी सत्त्याऐंशीनं भागले. १७५ मीटर म्हणजे एचओत दोन मीटर त्रिज्या. खऱ्या रेल्वेची सगळ्यांत वाईट, सगळ्यांत आवळलेली ब्रॉडगेज गोलाईसुद्धा माझ्या खोलीत भिंतीपलीकडं जाते. मीटरगेज सव्वा मीटर, तेही नाही. आणि नॅरोगेज? ४४ भागिले ८७. पाचशे सहा मिलिमीटर. वर्तुळ १०१२ चं. प्लायवूड १२२०. दोन्ही बाजूंना चार-चार इंच जागा उरते.

सगळं आयुष्य ज्या गाडीच्या धुरात गेलं ती सोडून मी निळे डबे मागवले होते!

बार्शी लाईटची माहिती लातूरकरांना द्यायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही लाईन. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पहिला तुकडा १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे कुर्डुवाडीकडून, बार्शीपर्यंत. लातूरला गाडी आली १९११ मध्ये. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. २००७-०८ मध्ये रुंदीकरण होऊन ब्रॉडगेज आली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच वाटेनं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. आण्णांना ती दाखवायला मी स्टेशनवर नेलं होतं. सगळे पाण्याकडं बघत होते, हे खाली वाकून खडी बघत होते.

कॅलथ्रॉपचा आग्रह होता की प्रत्येक धुरीवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको, आणि तोही सगळ्या धुऱ्यांवर सारखा. म्हणून तीस पौंडी (यार्डाला तीस पौंड वजनाचा) हलका रूळ चालला, म्हणून लाईन स्वस्तात झाली. मालडबे २५ फुटी, प्रवासी डबे ४० फुटी. एचओत मालडबा ८८ मिलिमीटर आणि प्रवासी डबा १४०. १४० ची तिप्पट ४२०. माझी गोलाई ५०६. म्हणजे इथं मॉडेलवाल्यांचा नियमही पाळला जातो आणि आण्णांचा नियमही. दोन्ही एकाच वेळी पाळले जातात असं दुसरं काही या खोलीत होऊ शकत नव्हतं. (बार्शी लाईटवर खरोखर ४० डिग्रीची गोलाई होती असं माझं म्हणणं नाही. नियमाची हद्द जिथं संपते तिथवर मी गेलो, एवढंच.)

आता रूळ. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. एन स्केल म्हणून जो छोटा प्रकार आहे, एकास एकशेसाठ, त्याचा ट्रॅक ९ मिलिमीटरचा. चतकोर मिलिमीटरचा फरक माझ्या डोळ्यांना दिसत नाही. परदेशात नॅरोगेजवाले हेच करतात: रूळ ९ मिलिमीटरचा, डबे एचओचे. पण एन स्केलचा सरसकट ट्रॅक घेऊ नका. त्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि दाट असतात, कारण ते मोठ्या लाईनच्या जातीचे आहेत. वर मोठा डबा ठेवला की तो कंगव्यावर उभा केल्यासारखा दिसतो. नॅरोगेजसाठी वेगळा ट्रॅक मिळतो, स्लीपर जाड आणि लांब-लांब अंतरावर. पेको कंपनीचा आहे. त्यात दोन तऱ्हा: एकात स्लीपर मुद्दाम वेडेवाकडे, दुसऱ्यात ओळीत.

मला वेडेवाकडे आवडले. जुनी लाईन, गवत वाढलेली, मजा येईल असं वाटलं. नमुन्याचा एक तुकडा आण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्म्याजवळ नेला आणि चेहराच उतरला.

"असली लाईन आमच्या गँगची कधी नव्हती."

मी म्हटलं, "आण्णा, शोभेसाठी असते."

"शोभा कसली? ह्येच्यावरनं इन्स्पेक्टरची ट्रॉली गेली असती तर मला घरी बसवलं असतं."

ओळीतले स्लीपर मागवले. सात तुकडे, प्रत्येकी ९१४ मिलिमीटर, म्हणजे एक यार्ड. लांब खोकं असतं आणि ते सरळ हातात पडेल याची खात्री नसते. माझं पहिलं खोकं मधोमध कंबरेत वाकून आलं होतं.

हा फ्लेक्स ट्रॅक. वाकवाल तसा वाकतो, आणि त्याचं सुख-दुःख दोन्ही त्यातच आहे. वाकवला की आतला रूळ पुढं डोकावतो, कारण आतल्या कडेची वाट छोटी असते. तो कापावा लागतो. आणि दोन तुकड्यांचा जोड गोलाईत आला तर तिथं हमखास कोपरा पडतो. दिसत नाही, पण गाडी बरोबर तिथंच ठेच खाते. उपाय साधा: दोन तुकडे आधी टेबलावर सरळ ठेवून जोडायचे, जोडाला डाग द्यायचा (सोल्डरिंग करायचं), मग दोन्ही मिळून वाकवायचे. पोरांना हे शिकवायला मला आवडलं असतं.

रुळाच्या उंचीला कोड म्हणतात. कोड ८० म्हणजे इंचाचे ८० हजारांश, दोन मिलिमीटर. खऱ्या तीस पौंडी रुळाची उंची तीन-सव्वातीन इंच, ती एचओत एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे माझा रूळ दुपटीहून उंच आहे. बारीक रूळ मिळतो, पण चाकांच्या कडा उंच असल्या की त्या खिळ्यांच्या डोक्यांवर आपटत जातात. इथं मी तडजोड केली. रुळाच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग दिला की उंची डोळ्यांत भरत नाही. आण्णांनी याबद्दल काही म्हटलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

गोलाई आखायला सगळे मोठ्या कंपासचा उपाय सांगतात: पट्टीला खिळा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. मीही तसंच केलं. पण आखलेल्या रेषेवर रूळ बसला की नाही हे कसं कळणार? यासाठी आण्णांनी दोरी काढायला लावली.

गँगवर गोलाई अशी तपासत: ६२ फुटांची दोरी, दोन्ही टोकं बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला धरायची, ताणायची आणि बरोबर मधे दोरी आणि रुळातलं अंतर मोजायचं. जितके इंच, तितक्या डिग्री. पुढं मेट्रिक आलं तेव्हा दोरी ११.८ मीटरची झाली आणि इंचाचे सेंटिमीटर झाले. त्रिज्येचा मध्यबिंदू शेतात, विहिरीत, कुठंही असू दे, त्याची गरजच नाही. अंतर ठिकठिकाणी सारखं आलं की गोलाई शुद्ध. कमी-जास्त आलं की तिथं पहार घालायची.

मी शिलाईचा दोरा घेतला, २०० मिलिमीटर. ५०६ च्या गोलाईत मधलं अंतर दहा मिलिमीटर यायला हवं, अगदी सोयीचा आकडा. दर चार इंचांवर मोजत गेलो. दहा, दहा, साडेदहा, नऊ, तेरा. तेरा! कंपासनं आखलेल्या रेषेवर ठेवलेला रूळ, डोळ्याला गुळगुळीत, आणि तेरा. ती जागा बरोबर जोडाची. खिळे काढले, पुन्हा बसवला. दोन्ही गोलाया दहावर यायला पाच दिवस लागले. आण्णा खुर्चीत बसून डुलक्या घेत होते, आणि मी आकडा म्हणायचं विसरलो की डोळे न उघडता "हं?" म्हणत होते.

सरळ रूळ संपून एकदम गोलाई सुरू झाली तर गाडीला हिसका बसतो. खरी रेल्वे मधे वाक हळूहळू वाढवत नेते. मी सरळ रेषा वर्तुळापासून एक सेंटिमीटर बाहेर सरकवून आखली आणि मधला फूटभर भाग लाकडाची लवचीक पट्टी वाकवून जोडला. पट्टी स्वतःच योग्य वाक घेते. आणि गोलाईत बाहेरचा रूळ किंचित उंच हवा. नॅरोगेजला ही उंची जास्तीत जास्त ६५ मिलिमीटर, एचओत पाऊण. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा जाड पडला. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक बरोबर बसली. कार्डं माझीच होती, नोकरीतली, पडून राहिलेली.

आता फजिती नंबर दोन. हे सगळं मी जानेवारीत केलं. डाग देण्याचा सोस भारी, म्हणून सगळ्याच जोडांना डाग दिला. साडेपाच मीटरच्या वरची अख्खी वाट एकसंध. मे महिन्यात दुपारी वर गेलो तर उत्तरेकडच्या गोलाईत रूळ खिळे उपटून सापासारखा वळवळलेला. जानेवारीतल्या पहाटेचे बारा अंश आणि मेमधले पत्र्याखालचे चव्वेचाळीस यांत बत्तीस अंशांचा फरक. त्या लांबीवर रूळ जवळपास तीन मिलिमीटर वाढतो. त्या तीन मिलिमीटरना जायला मी जागाच ठेवली नव्हती.

आण्णांना सांगायला खाली गेलो. ते म्हणाले, "उन्हाळ्यात आम्ही दुपारचं लाईनीवरनं चालत का जात होतो, तुला काय वाटलं? हवा खायला?"

आता डाग फक्त गोलाईतल्या जोडांना. सरळ वाटेत जोड सुटे, मधे पोस्टकार्डाच्या जाडीची फट, आणि प्रत्येक तुकड्याला विजेची वेगळी तार.

खडीचंही सांगतो, एका ओळीत आटपणार नाही. क्रशरवरून काळ्या दगडाची चुरी आणली, चाळून घेतली, रंग अगदी आपल्याकडचा. पसरण्याआधी सहज चुंबक फिरवला तर चुंबकाला मिश्या फुटल्या. आपल्या काळ्या दगडात लोहाचं चुंबकीय खनिज असतं, आणि इंजिनाच्या मोटरीतही चुंबक. ती चुरी मोटरीत गेली असती तर इंजिन संपलं. तीन दिवस परातीत चुरी पसरून चुंबक फिरवत बसलो. परात कुठली, ते घरी कळलं तेव्हाचं लिहीत नाही.

इंजिन एन स्केलच्या चेसिसवर आहे, वरची टपरी मी पितळी पत्र्याची केली. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) दोनच लावले, येडशीच्या स्टेशनासाठी. दोन सांधे पाठीला पाठ लावून जोडू नका, डावीकडून लगेच उजवीकडं जाताना कपलिंग उलटसुलट ओढली जातात. मधे निदान एका डब्याइतका सरळ तुकडा हवा. माझा १५० मिलिमीटरचा आहे.

नातू चौथीत आहे आणि त्याला वंदे भारत हवी. मी त्याला हाच सगळा हिशेब ऐकवला, डिग्री वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, पण हा ट्रॅक एन स्केलचाच आहे ना?" खरंच की. एकास एकशेसाठमध्ये ती गाडी त्याच नऊ मिलिमीटरवर चालते, आणि तिचा डबा भरतो दीडशे मिलिमीटरच्या आत. तिप्पट केली तरी ४५०.

त्यानं जाड कागदाचे डबे केले, माझ्याकडच्या जुन्या चेसिसवर चिकटवले. गेल्या रविवारी येडशीला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. वंदे भारत बार्शी लाईटच्या डब्यापेक्षा अंगानं बारीक आणि उंचीलाही कमी. आण्णांना वर आणलं. त्यांनी दोन्हीकडं बराच वेळ बघितलं.

"ही कोन्ची?"

"वंदे भारत, आण्णा आजोबा."

"बारकी हाय," आण्णा म्हणाले, आणि त्याला दोरा मागितला.